घरची रोझरी आणि मनातली प्रार्थना: वसईच्या किनाऱ्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली एकवीस वर्षं मी आमच्या कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, रविवारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. वर्ग सुटला की मुलं पळतात आणि आया मागे रेंगाळतात. चर्चच्या आवारात उभ्या राहून त्या जे विचारतात ते मुलांच्या प्रश्नांपेक्षा अवघड असतं. तेच प्रश्न विरार लोकलच्या लेडीज डब्यात आणि लग्नाच्या मांडवातही कानावर येतात. त्यांतले बरेचसे आमच्या घरातही विचारले गेले आहेत, कधी शांतपणे, कधी आवाज चढवून.

मी धर्मभगिनी नाही, दोन मुलांची आई आहे. घरात सासूबाई आहेत. जिथे चर्चचा नियम आहे तिथे तो नियम म्हणून सांगितला आहे. बाकीचं माझं मत आहे, घरात करून पाहिलेलं.

रोज संध्याकाळी रोझरी म्हणायलाच हवी का? नाही म्हटली तर पाप लागतं का?

नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चर्चने बंधनकारक केली आहे, रोझरी केलेली नाही. ती मण्यांच्या माळेवर म्हणायची मारियेची भक्ती आहे, आणि भक्ती कुणाच्या मानगुटीवर बसून करून घेता येत नाही.

तरीही रोझरी सोडून द्या असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्या लहानपणी संध्याकाळी सातच्या सुमारास बावीवर, म्हणजे विहिरीवर, हातपाय धुऊन आम्ही सगळी भावंडं आल्तारासमोर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यासमोर, मांडी घालून बसायचो. त्या वेळी वाडीतून चालत गेलं तर घराघरातून ‘नमो मारिया’ ही मारियेची प्रार्थना ऐकू यायची. माळेचे पाच भाग, त्यांना रहस्यं म्हणतात, प्रत्येकात येशू-मारियेच्या जीवनातला एक प्रसंग. एका घरात पहिलं रहस्य चाललेलं, पुढच्या घरात तिसरं. माळ संपली की धाकट्यांनी उठून थोरांचा आशीर्वाद घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. दुपारी काकीशी कितीही वाजलेलं असो, संध्याकाळी तिच्यापुढे हात जोडून उभं राहावंच लागे, आणि तिलाही कपाळावर क्रुसाची खूण करावीच लागे. त्या एका क्षणाने आमच्या घरातली कितीतरी भांडणं रात्रीपलीकडे जाऊ दिली नाहीत. रोझरीचा हा भाग कुठल्या प्रार्थनापुस्तकात छापलेला नसतो.

आता सात वाजता घरात असतं कोण? नवरा भाईंदरच्या पुलावर गाडीत उभा असतो आणि मुलगी क्लासला गेलेली असते. पूर्ण माळ म्हणजे ५३ नमो मारिया, वीसेक मिनिटं. आमच्या घरी यावरून दोन वर्षं कुरबुर चालली. सासूबाईंना सातची वेळ सोडायची नव्हती आणि बाकीच्यांना ती पाळता येत नव्हती. शेवटी असं ठरलं की सोमवार ते शुक्रवार जेवणानंतर सगळ्यांनी मिळून एकच रहस्य म्हणायचं आणि शनिवारी पूर्ण माळ. सासूबाई सात वाजता आपली माळ एकट्या म्हणतात आणि नऊला पुन्हा आमच्यात येऊन बसतात. पहिले काही दिवस त्या गप्प गप्प होत्या. एके दिवशी म्हणाल्या, “सातची माझी, नऊची आपली.”

प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकीला मी तेव्हापासून हेच सांगते: लहान करा, पण मोडू नका.

एकच रहस्य म्हणायचं तर कुठलं?

वाराप्रमाणे. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची रहस्यं. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली सुचवली, म्हणून जुन्या पुस्तकांत ती सापडत नाहीत. त्या वाराच्या पाचांतलं एक घरातल्या सगळ्यात लहान मुलाला निवडू द्या.

तोंडाने प्रार्थना चालू असते आणि मन भाजीच्या पिशवीत. असली प्रार्थना देवाला पोचते का?

मला वाटतं, पोचते. माझी आजी तिच्या तरुणपणची गोष्ट सांगायची. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि त्यानंतर आपली मिस्सा मराठीत आली. त्याआधी आजीला वेदीवरचा शब्दही कळत नसे, म्हणून ती आणि तिच्या शेजारणी बाकावर बसून माळ ओढत. आजी म्हणायची, “मला कळत नव्हतं, पण मी कुणासमोर बसलेय ते ठाऊक होतं.”

पुन्हा पुन्हा तेच शब्द म्हणण्याचा उपयोग इथेच आहे. शब्द तोंडात बसलेले असले की ते शोधावे लागत नाहीत आणि मन मोकळं राहतं. मोकळं मन भटकणार, हे ओघानेच आलं. भाजीची पिशवी आठवली तर तीच प्रार्थनेत घ्या. ती भाजी पिकवणाऱ्यासाठी पुढचा नमो मारिया म्हणा. मी असं करते. कामावरच्या ज्या बाईचा राग डोक्यात घोळत असतो तिच्या नावे एक रहस्य काढते. राग लगेच जात नाही. पण देवासमोर रागावलेलं बसणं हे देवाकडे पाठ करून बसण्यापेक्षा बरं.

मिस्सा, रोझरी, नोव्हेना सगळं करते. मग वैयक्तिक आध्यात्मिक जीवन म्हणजे आणखी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. तिच्या आवाजात थकवा होता. आधीच एवढं करतेय, आणखी काय करू, असा.

शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातल्या, दोन ओळी मी तिला दाखवल्या. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला, असं लिहिलं आहे. ‘आपल्या रिवाजाप्रमाणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण प्रत्यक्ष प्रभूलाही सवयीचा, सगळ्यांबरोबरचा धर्म होता. आणि मार्कच्या पहिल्या अध्यायात तोच येशू पहाटे अंधार असताना उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. शिष्य त्याला शोधत येतात, म्हणजे कुणाला न सांगताच गेला होता. सभास्थान आणि पहाटेचा एकांत, दोन्ही एकाच माणसाचे. आपल्या घरांत पहिलं भरपूर आहे, दुसऱ्याला जागा नाही. म्हणून थकवा येतो. तुम्ही देवाबद्दल, देवापुढे, देवासाठी बरंच काही करता, पण त्याच्याजवळ नुसतं बसणं होत नाही.

त्यासाठी नवीन भक्ती अंगावर घेऊ नका. उलट एखादी कमी करा. वर्षातून अकरा नोव्हेना, म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, करत असाल तर चार करा आणि उरलेल्या वेळात गप्प बसा.

गप्प बसून करायचं काय?

दोन जुन्या पद्धती सांगते, दोन्ही मी वापरते.

पहिली, संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली दिवसाची उजळणी. झोपण्याआधी पाच-सात मिनिटं. आज काय मिळालं त्याबद्दल आभार, मग सकाळपासूनचा दिवस हळूहळू नजरेखालून घालायचा. देव कुठे जवळ वाटला, मी कुठे कुणाला दुखावलं ते पाहायचं, क्षमा मागायची, उद्यासाठी बळ मागायचं. अंथरुणावर पडूनही होते. सुरुवातीला मला मध्येच झोप लागायची. मग मी ती शेवटची भांडी घासताना करू लागले आणि तिथे ती चांगली जमली. अविलाची संत तेरेसा आपल्या मठभगिनींना सांगायची की देव स्वयंपाकघरातल्या भांड्यांतही वावरतो. मला तो तिथे बऱ्याचदा भेटला आहे.

दुसरी, बायबलमधला छोटा उतारा सावकाश वाचणं. एकदा वाचायचा, थांबायचं, पुन्हा वाचायचा, आणि जो शब्द मनाला चिकटतो तो दिवसभर बरोबर न्यायचा. स्तोत्र २३ पासून सुरुवात करा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ एवढी एक ओळ विरारपासून चर्चगेटपर्यंत पुरते.

माझा नवरा म्हणतो, ‘मी मनातल्या मनात देवाशी बोलतो, चर्चमध्ये कशाला येऊ?’ त्याला काय सांगू?

त्याच्या बोलण्यातली खरी बाजू आधी मान्य करा. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू स्वतः सांगतो की आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तपणे प्रार्थना कर. यशया आणि आमोस या संदेष्ट्यांनी तर पोकळ सणांवर आणि अर्पणांवर देवाचा संताप उघड बोलून दाखवला आहे. नवरा बायबलबाहेरचं काही बोलत नाही.

पण मनातल्या मनात बोलायला मन जागेवर असावं लागतं. माझं नव्हतं, ती वेळ सांगते.

माझे वडील जुलैत गेले. पाऊस असा की दफनभूमीत खणलेल्या खड्ड्यातलं पाणी उपसावं लागलं. मी घरी आले आणि माझ्यातली प्रार्थना संपली. देव नाही असं वाटलं नाही, फक्त त्याच्याशी बोलायला काहीच उरलं नाही. पुढे किती दिवस ते तसं होतं ते मी मोजलं नाही, पण पहिल्या संध्याकाळपासून वाडीतली माणसं आमच्या ओटीवर जमत होती. ओल्या छत्र्या दाराशी ठेवून आत बसत आणि रोझरी, लितानी म्हणत. लितानी म्हणजे एकाने नावं घ्यायची आणि बाकीच्यांनी तेच उत्तर द्यायचं अशी प्रार्थना. बांधावरून ज्या घराशी आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं त्या घरातली म्हातारी चौथ्या दिवशी आली आणि तिनेच लितानी सांगितली. “आम्हांसाठी विनंती कर,” असं सगळे म्हणत होते आणि मी भिंतीला टेकून नुसती ऐकत होते. मला एकही शब्द बोलावा लागला नाही. त्या दिवसांत माझ्या वाटची प्रार्थना त्यांनी केली.

महिन्याच्या मिस्सेला मी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही ‘आमेन’पुरतं.

खाजगी प्रार्थनेवर जगणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं. चर्चमध्ये तुम्ही फक्त स्वतःसाठी जात नाही. तुमच्या शेजारच्या बाकावर असा कुणी असतो ज्याला आज म्हणता येत नाहीये. त्याच्या वाटचं तुम्ही म्हणता. आणि एक दिवस तो तुमच्या वाटचं म्हणतो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लावताना हीच गोष्ट मला मेलेल्यांच्या बाबतीतही खरी वाटते.

नवऱ्याला हे सगळं ऐकवायची गरज नाही. शेजारच्या घरात मयत झालं की प्रार्थनेला चला म्हणून त्याला बरोबर न्या.

मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि मिस्सेला यायला नकार देतो. जबरदस्ती करावी का?

मी केली, आणि ती चुकली.

माझा मुलगा पंधराव्या वर्षी घरच्या प्रार्थनेत ओठ मिटून बसू लागला. मी रोज रात्री त्याच्याकडे बघत माळ म्हणायचे, म्हणजे खरं तर पहारा करायचे. नाताळात पाहुणे जेवायला बसलेले असताना मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, “शेवटचं कन्फेशन, फादरांपुढे पापांची कबुली, कधी केलंस, सांग बघू.” तो ताटावरून उठला. पुढचे काही महिने तो आल्तार असलेल्या खोलीतही बसत नसे. प्रार्थनेची मी हजेरी करून टाकली होती आणि त्याला गैरहजर म्हणून सगळ्यांपुढे उभं केलं होतं. नंतर मी त्याची माफी मागितली. आईने माफी मागितल्यावर मुलं काहीच बोलत नाहीत. तोही बोलला नाही.

२०१८च्या जुलैत वसई पाण्यात गेली. गाड्या बंद, वीज नाही, लोक वरच्या मजल्यांवर अडकलेले. आमच्याकडची तरुण मुलं जेवणाची पाकिटं आणि पाणी पोचवत होती, हा त्यांच्याबरोबर छातीएवढ्या पाण्यातून जायचा. तिसऱ्या रात्री घरी आला आणि म्हणाला, “आई, एका आजीने पाकीट घेतलं आणि आधी प्रार्थना केली. एवढी भूक लागलेली असताना.” एवढंच बोलला. त्या वर्षी त्याने मला बरेच प्रश्न विचारले. काहींची उत्तरं मला आली, काहींची नाही आली, आणि नाही येत असं मी सांगितलं.

आज तो नोकरीला आहे. काही रविवारी येतो, काही रविवारी येत नाही. घरी असला की नऊच्या रहस्याला बसतो. त्याच्या आत काय चाललं आहे ते मी विचारत नाही, तो सांगेल तेव्हा ऐकते.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात योसेफ आणि मारिया दरवर्षी वल्हांडण या यहुदी सणाला यरुशलेमला जात, असं आहे. इतकी रीतीभाती पाळणारं घर. आणि त्याच घरातला बारा वर्षांचा मुलगा त्यांना न सांगता मागे राहिला. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. त्याने दिलेलं उत्तर आईवडिलांना समजलं नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. मारियेने सगळ्या गोष्टी मनात जपून ठेवल्या. त्या उत्तरावर तिने उलटा प्रश्न विचारला नाही. मुलगा देवाकडे आपल्या पायांनी जाईल आणि तुमच्या वाटेने जाईलच असं नाही, हे पवित्र कुटुंबालाही सोसावं लागलं.

मग जबरदस्ती मुळीच नको का? लहान मुलांना मिस्सेला न्यायचंच, जसं शाळेत नेतो. चौदा-पंधरानंतर मी तीन गोष्टी सांगते. बोलावणं चालू ठेवा, रोज, साध्या आवाजात. त्याची आल्तारासमोरची जागा भरून टाकू नका. आणि त्याच्यासाठी मोठ्याने, त्याला ऐकू जाईल अशी प्रार्थना करू नका.

दर्यावर असल्यामुळे रविवार चुकतात. माझे वडील यावरून फार अस्वस्थ होतात.

पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या कोळी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. नियम सरळ आहे: गंभीर कारणाने मिस्सेला जाणं अशक्य असेल तर पाप नाही. पोटासाठी समुद्रात असणं, आजाऱ्याजवळ बसणं, इस्पितळातली रात्रपाळी ही सगळी अशी कारणं आहेत. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचं बंधन पूर्ण होतं, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. आणि जिथे जाताच येत नाही तिथे वैयक्तिकरीत्या किंवा कुटुंबात प्रार्थनेत वेळ घालवावा, असं चर्चचा कायदाच सुचवतो. होडीवर क्रूस असतोच. नाखवाने सकाळी पाच मिनिटं त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचलं तरी रविवार साजरा होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बाबांच्या शेजारी बसून दर रविवारी मिस्सा ऐका.

मोबाइलवरची मिस्सा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आधार आहे. धडधाकट माणसासाठी ती चर्चला पर्याय नाही. २०२०च्या टाळेबंदीत आपण सगळेच घरून मिस्सा पाहत होतो, पण ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, काही पडद्यातून हातात येत नव्हतं, ते दुःख ज्यांना आठवतं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सून हिंदू घरातली आहे. तिला रोझरीला बसवायचं का?

बसवायचं नाही. बसायचं असेल तर जागा करून द्यायची.

अशा लग्नाला चर्चची रीतसर परवानगी घेतलेली असते. त्या वेळी कॅथलिक जोडीदार वचन देतो की मी माझी श्रद्धा जपेन आणि मुलांचा बाप्तिस्मा व ख्रिस्ती संस्कार यांसाठी शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला त्या वचनाची कल्पना दिली जाते. त्याच्याकडून किंवा तिच्याकडून वचन मागितलं जात नाही. सासूने ते वचन सुनेकडून वसूल करायला जाऊ नये. दिलं आहे ते तुमच्या मुलाने, तेव्हा मुलांना प्रार्थना शिकवायचं काम आधी त्याच्याकडे मागा. घरोघरी हे काम आयांवर ढकललं जातं आणि मला त्याचा राग येतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घर इथे आठवतं. ते आपल्या कोकणातले, १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर हादरलं. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. ताटातूट, दुःख, पुन्हा एकत्र येणं, यात काही वर्षं गेली, आणि मग त्यांनी स्वतःच्या समजुतीने, स्वतःच्या वेळेला बाप्तिस्मा घेतला. टिळक प्रॉटेस्टंट होते, आपण कॅथलिक. पण नवऱ्याचा विश्वास बायकोच्या नावावर आपोआप चढत नाही, हे त्या घराने महाराष्ट्राला दाखवलं.

नातवंडं गणपतीला आजोळी गेली तर आदराने जाऊ द्या. मोदक खाऊन आलेल्या मुलाला देव रागावेल अशी भीती घालू नका.

शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून आमच्याकडे पापलेट होतं. याला उपवास म्हणायचा का?

कायद्याने चूक नाही. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू आहे. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी मांस वर्ज्य आणि शिवाय उपास, म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण. उपासाचा नियम अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांसाठी आहे. माझ्या सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, साखरेचं औषध घेतात आणि तरी हट्टाने उपास धरतात. त्यांना हा नियम मी छापील दाखवला तेव्हा कुठे त्यांनी पेज घेतली.

पण मासळी ही किनाऱ्यावरच्या माणसाला मांसाहून प्रिय. जिथे मटण रोजचं आणि मासळी गरिबाची, तिथे तो बदल जाणवत असेल, इथे नाही जाणवत. म्हणून आमच्या घरी उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यांतल्या, शुक्रवारी डाळभात आणि एक भाजी असते. वाचलेले पैसे डब्यात जातात आणि पुनरुत्थानाच्या आठवड्यात वाडीतल्याच एका घरी पोचतात. कुणाच्या ते मुलांनाही सांगत नाही. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला आवडणारा उपास वर्णिला आहे: भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. तो अध्याय राखेच्या बुधवारी जेवणाआधी वाचून पाहा. झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी वर्षभर आल्तारामागे सुकते, तिचीच पुढच्या वर्षी राख होऊन कपाळी लागते. मुलांना ती स्वतःच्या हाताने चर्चमध्ये नेऊन द्यायला लावा. उपवासकाळ कशासाठी, हे माझ्या तासाभराच्या शिकवणीपेक्षा त्यांना त्यातून जास्त कळतं.

पहिल्या कम्युनियनचा खर्च झेपत नाही, पण न करावं तर लोक काय म्हणतील?

लोक दोन दिवस म्हणतील. कर्ज दोन वर्षं फिटत नाही. मुलाला पहिल्यांदा ख्रिस्तशरीर देण्याच्या या संस्काराला पोशाख स्वच्छ हवा आणि मूल तयार हवं, बाकी हॉल, केक, डीजे यांतलं काहीही चर्च मागत नाही. आदल्या संध्याकाळी मुलाला आजीआजोबांजवळ बसवा आणि त्यांच्या पहिल्या कम्युनियनची आठवण सांगायला लावा. माझ्या वर्गातल्या मुलांना काही वर्षांनी विचारलं की केक कुठला होता ते आठवत नाही, आजोबा बोलताना रडले ते आठवतं.

लग्नातलं उंबराचं पाणी, हळद, मांडव हे सगळं ख्रिस्ती आहे का?

बावीवर वाजत-गाजत जाऊन पाणी आणायचं, उंबराची फांदी मांडवात रोवायची, हे आपल्या मातीतलं आहे आणि बाप्तिस्म्याच्या आधीपासून आपल्याजवळ आहे. मला त्यात काही गैर दिसत नाही. बाव आटली तर लग्न मोडेल अशी भीती शिरली की तिथे थांबावं. भीती घालणारी रीत सोडा, माणसं एकत्र आणणारी ठेवा. मे महिन्यात वाडीच्या क्रुसापाशी जमून लितानी म्हणतात, तीही अशीच जपण्यासारखी गोष्ट आहे.

योगासनं किंवा विपश्यना केली तर चालेल का?

कंबर दुखते म्हणून आसनं करता, तर खुशाल करा. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सांगितलं आहे. मी स्वतः शांत बसताना श्वासाबरोबर ‘येशू’ हे नाव घेते. आपलं ध्यान कुणाच्या तरी समोर बसणं आहे, एवढं विसरू नका.

घरची प्रार्थना पुस्तकी मराठीत करावी की आपल्या बोलीत?

पाठ प्रार्थना मराठीत, मनातलं बोलणं बोलीत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात आला आणि त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली. ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. परक्या मुलखातल्या माणसाला इथल्या लोकांशी देवाबद्दल बोलायला ओवी लागली, मग आपल्याला आपली वसईची कादोडी बोली बोलायला लाज का? रायगडमधल्या कोर्लईत घराघरांत अजून पोर्तुगीज वळणाची जुनी बोली जिवंत आहे. आमच्या सासूबाई आभाराची प्रार्थना कादोडीत करतात तेव्हा घरात कुणीही मोबाइल हातात घेत नाही.

कन्फेशनला जायला संकोच वाटतो. देवाची मनात क्षमा मागितली तर पुरे नाही का?

गंभीर पाप असेल तर वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं, हा नियम आहे. संकोच मलाही वाटतो. ओळखीच्या फादरांपुढे जड जात असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जा, माझ्यासह बऱ्याच जणी जातात. आणि घरात ज्याचा अपराध केला त्याच्याकडे आधी जा. मुलाकडे गेले तेव्हा मला कन्फेशनच्या रांगेपेक्षा जास्त घाम फुटला होता.

संत व्हायला धर्मगुरू किंवा सिस्टर व्हावं लागतं का? मुलांनी विचारलं.

मुलांना गोन्सालो गार्सिया सांगा. वसईत जन्मलेला, तरुणपणी जपानमध्ये व्यापार करणारा. पुढे फ्रान्सिस्कन या संन्याशांच्या संघात गेला, पण साधा बंधू म्हणून, त्याला पुरोहितदीक्षा नव्हती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला इतरांबरोबर क्रुसावर मारलं. १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. आपल्याच गावातला मुलगा, आणि त्याने मिस्सा कधी अर्पण केलेली नाही.

आमच्या घरी यातलं काहीच होत नाही. सुरुवात कुठून करू?

आज रात्री ताटं वाढून झाली की टीव्ही बंद करा. ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणा, एकदाच. मग प्रत्येकाला विचारा, आज कुणासाठी प्रार्थना करायची. कुणी नाव सांगेल, कुणी खांदे उडवेल. जे नाव येईल ते घ्या आणि जेवायला बसा. उद्या पुन्हा विचारा.